बाहेर वापरायच्या यंत्राची वायर चिरली आहे, टेप मारून चालेल का?

गवत कापायच्या इलेक्ट्रिक यंत्राची वायर पात्यात येऊन मधोमध चिरली, आतलं तांबं दिसतंय, नीट टेप गुंडाळली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. ही वायर ओल्या गवतावरून फरफटत जाणार आणि यंत्र ढकलणारा त्याच ओल्या जमिनीवर उभा असणार.

मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, आणि टेपच्या या विषयावरून माझं घरातच भांडण झालेलं आहे. आमच्या दाजींच्या प्रेशर वॉशरची वायर फाटकाच्या कडेला घासून सोलली होती. दाजींनी तिच्यावर काळी टेप चांगली जाडजूड गुंडाळली. मग रोज सकाळी दवाच्या ओलीत वॉशर लावला की आरसीसीबी (करंट बाहेर गळला की सप्लाय तोडणारा स्विच) उडायची, दुपारी मात्र बिनतक्रार चालायचा. दाजींचा निष्कर्ष असा की आरसीसीबीच नाजूक आहे, वायरमनला सांगून तिला बायपास करून टाकू. मी म्हटलं, "दाजी, ती बिचारी तुम्हाला रोज सकाळी ओरडून सांगतेय." तर म्हणाले, "अरे, टेप मारलीय ना वर! करंट बाहेर येईल कसा?"

मी वॉशरचा प्लग काढला, टेपवर ओलं फडकं गुंडाळलं आणि मेगरचं (इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजायचं मीटर) एक टोक फडक्याला, दुसरं प्लगच्या फेजच्या पिनेला लावलं. काटा सरळ शून्याकडे कोसळला. मग टेप उलगडली. डिंकाचा काळा चिकटा झाला होता आणि मधल्या थरांत पाणी होतं. आतलं तांबं काळं पडलेलं. ब्लेडने खरवडलं तरी काळंच. थोडी वायर कापली, पुन्हा काळं. वीतभर मागे गेल्यावर कुठे लालसर चकचकीत तारा दिसल्या. काळ्या टेपचा डिंक उन्हाने पातळ होतो, कडा सुटतात, आणि आत शिरलेलं पाणी वातीत तेल चढावं तसं बारीक तारांमधून पुढे सरकतं. वरून टेप शाबूत दिसत राहते, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

दाजी अजूनही चारचौघांत म्हणतात, "चांगली वायर कापून टाकली याने." ती चांगली नव्हती. आणि "एमसीबी आहे की घरात" हे जे ते पुढे जोडतात, त्यालाही उत्तर देतो. 16 अँपिअरची एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर वाढला की तोडणारा स्विच) म्हणजे 16,000 मिलीअँपिअर. माणसाचा जीव जायला त्यातले पन्नासेक मिलीअँपिअरही पुरतात, तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असते. माणसासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी असते. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही की ती तोडते. ती उडते म्हणून तिलाच काढून टाकणं यासारखा घातक सल्ला दुसरा नाही, मग देणारा घरातला कितीही मोठा असो.

आता तुमची वायर. चीर यंत्राजवळ असती तर तेवढा तुकडा कापून उरलेली वायर आत जोडा म्हटलं असतं. मधोमध आहे, तर अख्खी बदला. रबरी आवरणाची, बाहेर वापरायची फ्लेक्सिबल केबल घ्या, कोअर (आवरणाच्या आतली प्रत्येक तार) आधीच्यापेक्षा बारीक नको. आत जोडताना अर्थची तार बाकीच्या दोन्हींपेक्षा लांब ठेवा, म्हणजे हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. टोकांना सोल्डर लावून स्क्रूखाली आवळू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू बसतं आणि जोड ढिला होऊन तापतो. थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर बसवायची धातूची टोपी, क्रिंप करा (पकडीने दाबून बसवा). वायर जिथून शिरते तिथला क्लॅम्प बाहेरच्या आवरणावर घट्ट बसला पाहिजे, आतल्या कोअरवर नको.

कापून मध्ये जोड द्यायचाच असेल तर बाहेर वापरायचा, पाणी न शिरणारा कनेक्टर लावा. त्याची भोकांची बाजू सप्लायकडे, पिनांची बाजू यंत्राकडे. उलटं जोडलंत तर सुटलेल्या टोकाच्या उघड्या पिनांवर फेज उभी राहील.

यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेटेड आहे, त्यात अर्थची तार नसते. शोधत बसू नका. आरसीसीबी आहे म्हणून उघडी तारही हाताळू नका: फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर तिला काहीही कळत नाही. तिचं टेस्ट बटण मधूनमधून दाबून बघा. आणि पाण्यात बुडवायच्या पंपाच्या वायरीला वरची जोडायची पद्धत लागू नाही. तिथे जोड रेझिन ओतून सील करतात, ते काम रोज करणाऱ्याकडूनच करून घ्या.