लॅपटॉप बदलायचा की रॅमची पट्टी?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. रात्री तासभर मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळते. २०२१मध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप, ११व्या पिढीचा आय ५, ८ जीबी रॅम, आता अडकतो म्हणते. आमचं बजेट ५५ हजार. दुकानदाराने एक पातळ आय ७ दाखवला, ‘यावर सगळे गेम चालतात’ म्हणाला. घेऊ का? – एक आई, कराड

उत्तर : नको. निदान या आठवड्यात तरी नको.

ताई, आधी मुलीला विचारा की ‘अडकतो’ म्हणजे नेमकं काय होतं. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात रोज कोणी ना कोणी हा शब्द घेऊन येतं, आणि खोदून विचारलं की दोन वेगळी दुखणी निघतात. एकात चित्रच धक्के खात सरकतं. दुसऱ्यात चित्र छान चालतं, पण गोळी आपण आधी झाडलेली असते आणि मरतोही आपणच. पहिलं दुखणं लॅपटॉपचं, दुसरं नेटचं. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये स्टॅट्स म्हणून भाग आहे. तिथून एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात) आणि नेटवर्क आरटीटी (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) हे दोन आकडे खेळताना पडद्यावर ठेवता येतात. या गेमचा एक सर्व्हर मुंबईतच आहे, म्हणजे कराडहून लांब नाही. तरीही आरटीटी मधूनच दीडशे-दोनशेवर उडत असेल, तर दीड लाखाचा लॅपटॉपही तसाच अडकेल. राउटरपासून लॅनची केबल टाका. लॅपटॉपला त्याचं पोर्ट नसेल तर यूएसबीवर लागणारा अडॅप्टर मिळतो.

एफपीएसच कोसळत असेल, तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’समोर २पैकी १ दिसलं, म्हणजे रॅमची एक जागा रिकामी निघाली, तर माझा अंदाज बरोबर. त्या काळात कंपन्यांनी ८ जीबीची एकच पट्टी लावून ढीगभर लॅपटॉप विकले. तुमच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारी वेगळी चिप, नसणार. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमचीच जागा वापरतं, आणि एका पट्टीवर त्याला अर्धाच रस्ता मिळतो. गंमत म्हणजे त्या पिढीच्या पातळ आय ५मध्ये एका पट्टीवर ग्राफिक्सचं नाव नुसतं ‘यूएचडी’ दिसतं. दुसरी टाकली की तेच ‘आयरिस एक्सई’ होतं. गिऱ्हाईक विचारतं, नवीन काय बसवलंत? व्हॅलोरंट तसा हलका गेम आहे, जुन्या यंत्रांवरही चालावा म्हणूनच तो तसा बनवलाय. तेव्हा आहे त्याच वेगाची आणखी एक ८ जीबीची पट्टी टाका, आणि पंखा उघडून धूळ काढून घ्या. पाच वर्षांची धूळ म्हणजे आत गोधडी असते. रॅम बोर्डावरच चिकटवलेली असेल आणि मोकळा स्लॉटच नसेल, तर मात्र हा रस्ता बंद.

मग नवीनच घ्यायचा, तर त्या आय ७चं स्टिकर विसरा. वेगळं कार्ड नसलेला पातळ आय ७ हा हिशेबाच्या कामाचा घोडा आहे. ५५ हजारांत आय ५ किंवा एएमडीचा रायझन ५ प्रोसेसर आणि सोबत आरटीएक्स ३०५० हे ग्राफिक्स कार्ड असं सेलच्या दिवसांत जमतं का बघा. कार्डाची मेमरी ४पेक्षा ६ जीबी बरी. रायझनचा आकडाही नीट वाचा. ७५२०यू हे नाव ऐकायला नवं वाटतं, पण आतली रचना २०१९ची आहे आणि ग्राफिक्स अगदी नावापुरतं.

आणि कार्डाला किती वॉट वीज मिळते, ते विचारा. इथे मी स्वतः आपटलोय. भाच्यासाठी सेलमध्ये सहा हजार स्वस्त पडतो म्हणून ३०५०वाला लॅपटॉप घेतला. त्याच्या मित्राकडेही ३०५०च, पण खेळताना त्याचा कितीतरी पुढे. लॅपटॉपमधलं हे कार्ड ३५पासून ८० वॉटपर्यंत कसंही बसवतात, आणि मी घेतलेल्या कंपनीने ते खालच्या टोकाला बांधून ठेवलेलं. खोक्यावर याबद्दल अवाक्षर नव्हतं. लोकांच्या लॅपटॉपच्या पोटातलं ओळखणारा मी दुकानदार, भाचा अजून हसतो. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानात टीजीपी म्हणून कार्डाच्या वॉटचा आकडा असतो, तो शोधा. नसेल तर ते मॉडेल सोडा.

पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मिळाला तर घ्या, व्हॅलोरंटमध्ये फरक कळतो. रंग मात्र स्वस्त लॅपटॉपमध्ये फिकेच असतात. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, वर विटेएवढा चार्जर, तेव्हा रोज कॉलेजला न्यायचा असेल तर मुलीला एकदा हातात धरून बघू द्या.

बॅटरीवर गेम खेळायचं विसराच. चार्जर काढला की असे लॅपटॉप निम्म्या ताकदीवर येतात आणि तासाभरात मान टाकतात. म्हणजे लाइट गेली की खेळ थांबणार. हा फायदा की तोटा, ते मुलीला विचारू नका.