सुदानमधल्या युद्धात अडकलेल्या लोकांपर्यंत मदत खरंच पोहोचते का? इथून कपडे-औषधं पाठवावीत की पैसे?

पोहोचते. पण सगळीकडे नाही, आणि बातम्यांत दिसणाऱ्या मोठमोठ्या ट्रकांतून तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. तुमच्या सोसायटीने कपडे आणि औषधं जमवली आहेत, ती पाठवायची का, असं तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर आधी देतो: वस्तू पाठवू नका, पैसे द्या.

युद्ध सुरू झालं तेव्हा मी खार्टूममध्ये नोकरीला होतो. १५ एप्रिल २०२३ ला, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, जनरल बुरहान यांचं लष्कर आणि हेमेदती यांचं ‘आरएसएफ’ हे निमलष्करी दल राजधानीतच एकमेकांवर तुटून पडलं. भारत सरकारच्या ‘ऑपरेशन कावेरी’मुळे आम्ही पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे सुखरूप परतलो. तिथले सहकारी मात्र तिथेच राहिले. त्यांच्याशी अजूनही बोलणं होतं, म्हणून हे लिहितोय.

तिथे लोक उपाशी आहेत ते पाऊस न पडल्यामुळे नव्हे. सुदान हा मुळात ज्वारीचा देश. युद्धाने शेती मोडली हे खरं, पण बाहेरून आलेलं धान्यसुद्धा अडून राहतं. पश्चिमेकडच्या दारफुर प्रांताला जायचा सोपा रस्ता शेजारच्या चाड देशातून, आद्रे नाक्यावरून. नाक्याच्या पलीकडचा मुलूख आरएसएफच्या ताब्यात, पण संयुक्त राष्ट्रांच्या लेखी सरकार म्हणजे तेव्हा पोर्ट सुदानमध्ये बसलेलं लष्कराचं सरकार, त्यामुळे परवानगी त्यांची लागायची. या वाटेने शस्त्रं येतात असं सांगत त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये नाका बंद केला, तो थेट ऑगस्टमध्ये उघडला. तोवर पावसाळा लागला होता, ओढे भरले होते, रस्ते वाहून गेले होते. त्याच महिन्यात दारफुरमधल्या अल फाशर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला.

अल फाशरचं तर विचारूच नका. मे २०२४ पासून आरएसएफचा वेढा. पुढे त्यांनी शहराभोवती मातीचा बांध घातला, म्हणजे आत पीठही जाऊ नये आणि आतला माणूस बाहेरही पडू नये. आत लोक शेंगदाण्याची पेंड खात होते. तेल काढल्यावर उरते आणि जनावरांपुढे टाकतात, तीच पेंड. शेवटी तीही महागली. जून २०२५ मध्ये पोर्ट सुदानहून सुमारे १८०० किलोमीटर कापून संयुक्त राष्ट्रांचे ट्रक शहराच्या जवळ आले, तेव्हा अल कोमाजवळ त्यांच्यावर हल्ला झाला आणि ५ माणसं गेली. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं. नागरिकांना उपाशी ठेवून युद्ध करायला आंतरराष्ट्रीय कायद्याची बंदी आहे, २०१८ मध्ये सुरक्षा परिषदेने तसा वेगळा ठरावही केला. तो कागद त्या बांधापाशी कोणी जुमानला नाही, याचा मला आजही संताप येतो.

मदत मधेच लुटली जाते का? जाते. डिसेंबर २०२३ मध्ये वद मदनी शहरातलं जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. १५ लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढं अन्न त्यात होतं.

मग लोक जगले कसे? मुख्यतः गल्लीतल्या सार्वजनिक चुलींवर. तिथे त्यांना ‘तकाया’ म्हणतात. २०१८-१९ मध्ये तेव्हाचे हुकूमशहा उमर अल बशीर यांच्याविरुद्ध जे आंदोलन झालं, त्यातल्या मोहल्ला समित्यांची पोरंपोरी युद्ध लागताच ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम’ या नावाने कामाला लागली. मिळून काम उरकायची ‘नफीर’ ही तिथली जुनी रीत, आपल्याकडच्या इर्जिकीसारखी. एक मोठं पातेलं, मसूर किंवा फूल नावाच्या शेंगांचं कालवण, ज्वारीचं पीठ, आणि डबे घेऊन उभी असलेली रांग. खार्टूमला लागून असलेल्या ओमदुरमानमधला माझा एक सहकारी अशाच एका चुलीसाठी सामान आणायचा.

पैसा फिरतो कसा हे त्याच्याकडूनच कळलं. आखातात किंवा कैरोत असलेले नातेवाईक ‘बँकक’ नावाच्या मोबाइल अ‍ॅपवर रक्कम टाकतात, आणि वाणी फोनवरच पैसे घेऊन पोती देतो. रोकड हवी असेल तर व्यापारी मोठी दलाली कापतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर नेटवर्क गेलं तेव्हा वाण्याकडे माल असूनही चुली विझल्या. दोन्ही बाजूंनी या स्वयंसेवकांना हेर ठरवून पकडलंय, मारलंय. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत गोठवली आणि शेकडो तकाया बंद पडल्या. त्याच वर्षी या गटांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. मानाचाच, पण पातेल्यात मसूर लागतेच.

आता कपड्यांचं. तुमचं खोकं मुंबईहून पोर्ट सुदानला जाणार, तिथे कस्टम, मग प्रवासाचे परवाने, मग प्रत्येक नाक्यावर वसुली. औषधांना शिवाय नोंदणी लागते, आणि अडकली तर मुदत संपते. तेवढ्या वाहतूक खर्चात ओमदुरमानच्या बाजारात मसुरीची पोती येतात. शिवाय तिथल्या वाण्याचं दुकान चालू राहतं, आणि तेही तितकंच गरजेचं आहे.

पैसे द्यायचे तर युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम किंवा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्याकडे द्या. देण्याआधी एक ईमेल करून विचारा: रक्कम सुदानसाठीच राखून ठेवाल का? आणि स्थानिक चुलींना त्यातून काही देता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो नीट देईल, त्याला मी तरी पहिली पसंती देतो. परदेशी संस्थेला थेट पाठवलेत तर ८०जीची सवलत मिळत नाही, हेही सोसायटीच्या बैठकीत आधीच सांगा. समाजमाध्यमांवर कोणी अनोळखी माणूस खातेक्रमांक देऊन ‘माझी चूल आहे’ म्हणाला, तर तिथला ओळखीचा माणूस खात्री देईपर्यंत थांबा.

आणि जमलेले कपडे तुमच्याच शहरातल्या निवारागृहात द्या. औषधांपैकी दुकानदार परत घेईल तेवढी परत करा, आणि ते पैसे या वर्गणीत घाला.