पोरगी टेनिस भारी खेळते, शाळा सोडवायची का?

प्रश्न : सर, आम्ही परभणीचे. पोरगी चौदाची, यंदा नववीत आहे, टेनिस लई मनापासून खेळायलीय आणि जिल्ह्यात तिच्या वयाचं कुणी तिच्यापुढं टिकत नाही. कोच म्हणायलेत शाळा सोडवा, दहावी बाहेरून करा, पुण्याला न्या, तरच प्रो होईल. आमचे मालक दोन एकर शेत विकायला तयार झालेत. टेनिसमध्ये पोट भरतं का खरंच?
— एक आई, परभणी

उत्तर : ताई, शेत विकू नका आणि शाळा तर अजिबात सोडवू नका. कोच वाईट सांगत नसतील, पण घाई कसली आहे तेच मला कळत नाही, कारण चौदा ते अठरा वयात मुलींनी वर्षाला किती प्रो स्पर्धा खेळायच्या यावरच मर्यादा आहे, म्हणजे शाळा सोडली तरी जास्त खेळता येणार नाहीत.

आता पैशाचं. प्रोची सगळ्यात खालची पायरी डब्ल्यू १५, स्पर्धेचं एकूण बक्षीस १५ हजार डॉलर, त्यात जिंकणारीला दोन हजारांच्या थोडं वर आणि पहिल्याच फेरीत हरली तर दीडशे डॉलरच्या आसपास, आणि रँकिंग ज्यावर ठरतं ते पॉइंट शून्य. विमान, हॉटेल, कोच, फिजिओ, रॅकेटचं स्ट्रिंगिंग सगळं आपल्या खिशातून. पगार नावाची गोष्टच नाही यात. आणि मिळवलेले पॉइंट ५२ आठवड्यांनी गळून पडतात, त्यामुळं सहा महिने दुखापतीत गेले की रँकिंग घसरलंच. सुमित नागल सिंगल्समध्ये भारताचा एक नंबर होता तेव्हा, २०२३ मध्ये, खात्यात ९०० युरो उरलेत म्हणून त्यानं जाहीर सांगितलं होतं. पुढं जानेवारी २०२४ ला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये क्वालिफायिंग म्हणजे पात्रता फेऱ्या खेळून आला, ३१ वं मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवलं आणि दुसऱ्या फेरीचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पोट भरतं ताई, पण तिथवर पोचल्यावर, आणि तिथवरची वाट फार लांब आहे.

म्हणून मला ऋतुजा भोसलेचा रस्ता पटतो. आपल्या महाराष्ट्रातल्याच श्रीरामपूरची पोरगी, अमेरिकेत टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीकडून कॉलेज टेनिस खेळली, मग प्रो झाली, आणि २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णासोबत मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेऊन आली. चांगल्या खेळाडूला तिकडं स्कॉलरशिप मिळते, कोच, जिम, मॅचेस सगळं कॉलेजकडून. पण प्रवेश देताना नववी ते बारावीचे विषय आणि मार्क बघतात बरं का! म्हणजे तुम्ही नेमका आत्ता जो निर्णय घ्यायला निघालात त्यानंच हा दरवाजा अवघड होतो. इंग्रजी आणि गणित तिचं पक्कं ठेवा.

या वर्षी एवढंच करा, ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या अंडर १६ स्पर्धा खेळवा, बाहेरच्या पोरींसमोर ती कशी खेळते ते बघा, जिल्ह्यातल्या जिंकण्यावरून काहीच ठरत नाही. सुट्टीत संभाजीनगरला किंवा पुण्याला महिनाभर कॅम्पला पाठवा. मग आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, ज्युनिअर स्पर्धांची सगळ्यात खालची पायरी असलेल्या जे ३० स्पर्धा आपल्या देशातच होतात, त्यातल्या एकदोन. तिथं मेन ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रता फेऱ्यांनंतरच्या मुख्य स्पर्धेत, मॅचेस जिंकायला लागली की मला परत लिहा, पुण्याचं तेव्हा बोलू.