पाखरू पुसू नकोस

प्रिय मुली,

तू पाठवलेल्या पाचही चित्रांचे फोटो आधी मोबाइलवर पाहिले, मग मुलाच्या मोठ्या स्क्रीनवर. गोष्टीतल्या राक्षसांकडे माणूस म्हणून कसं बघायचं, हा तुला पडलेला प्रश्न त्यांत दिसला. शूर्पणखेपाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबले. वर्षभरात तुझा रंगावरचा हात पुष्कळ सुधारलाय. तिच्या पदराचा तो गंजलेला लाल मला फार आवडला. तरीही चित्र फसलंय, आणि ते का, हे फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तू शूर्पणखेला टपोरे डोळे दिलेस, नितळ कांती दिलीस, ओठांवर दुखावलेलं हसू दिलंस. लक्ष्मणाच्या वाट्याला जाड भुवया, तांबारलेले डोळे आणि केसाळ मनगटं आली. सोंगं तीच राहिली, आतली माणसं तेवढी बदलली. देखणं ते चांगलं, कुरूप ते वाईट, हा जुना हिशेब तू कायम ठेवलास. ज्या नजरेनं तिला राक्षसीण ठरवलं, त्याच नजरेकडे तू तिच्यासाठी दाद मागते आहेस.

अरण्यकांड पुन्हा वाच. वाल्मीकी तिला सुंदर म्हणत नाहीत. राम सुमुख तर ती दुर्मुख, त्याची कंबर बारीक तर तिचं पोट सुटलेलं, अशी जोड्या लावत जाणारी वर्णनं आहेत तिथे. सुंदर रूप घेऊन येते ती तमिळ कवी कंबनाच्या रामायणातली शूर्पणखा. वाल्मीकींकडे राम तिला लक्ष्मणाकडे धाडतो, लक्ष्मण पुन्हा रामाकडे. दोघं तिची थट्टा करतात आणि तिला ती थट्टा कळतच नाही. मग ती सीतेवर झेपावते, राम लक्ष्मणाला सांगतो, आणि तलवारीनं नाक-कान कापले जातात. तुझ्या चित्रात ती झेप कुठे आहे? ती तू गाळलीस, कारण ती दाखवली तर लोक तिच्या बाजूनं उभे राहणार नाहीत अशी तुला भीती वाटली. माझं सगळं म्हणणं या गाळलेल्या झेपेपाशी येऊन थांबतं.

लंडनच्या टेट संग्रहात जॉर्ज फ्रेडरिक वॉट्सचं १८८५ मधलं एक चित्र आहे, ‘मिनोटॉर’. ग्रीक कथेतला हा बैलाच्या डोक्याचा राक्षस क्रीटच्या भूलभुलैयात राहतो आणि त्याच्या भक्ष्यासाठी अथेन्सहून तरुण मुलं-मुली पाठवल्या जातात. त्या वर्षी लंडनमध्ये अल्पवयीन मुलींच्या देहविक्रीवर डब्ल्यू. टी. स्टेड या पत्रकाराची लेखमाला छापून आली होती. वॉट्स त्या संतापात होता. त्याला किळस वाटावी असा नराधम रंगवायचा होता. त्यानं काय रंगवलं ते बघ. मिनोटॉर कठड्याला रेलून समुद्राकडे पाहतोय, जहाजाची वाट पाहतोय. आपल्याकडे त्याची पाठ जास्त, चेहरा कमी. ती जड पाठ, ते क्षितिजाकडे लागलेले डोळे पाहताना मनात नको असताना कणव येते. तेवढ्यात त्याच्या हाताखाली लक्ष जातं. तिथे एक लहानसं पाखरू चिरडलेलं आहे.

ते पाखरू नसतं तर हे एका एकाकी जनावराचं हळवं चित्र झालं असतं. ती पाठ नसती तर नुसतं भिंतीवर डकवायचं निषेधपत्र. दोन्ही एका चौकटीत आहेत म्हणून बघणाऱ्याची सुटका होत नाही. सीतेवरची झेप हे तुझ्या चित्रातलं पाखरू आहे. ते पुसू नकोस.

बाजू बदलण्यापेक्षा जागा बदलून बघ. बघणाऱ्याला कुठे उभं करायचं, गोष्टीचा कुठला क्षण धरायचा, हे चित्रकाराच्या हातात असतं. महाबलीपुरमच्या महिषमर्दिनी गुंफेत सातव्या शतकातल्या पल्लव शिल्पकारांनी वधाचा क्षण घेतलाच नाही. देवी सिंहावर बसून धनुष्य ओढते आहे आणि रेड्याच्या मुखाचा असुर दोन्ही हातांत गदा धरून मागे झुकलाय. हरत चाललाय, पण अजून उभा आहे, डोक्यावर राजाचं छत्र आहे. पायाखाली तुडवलेला रेडा आणि हा उभा राजा, गोष्ट तीच. कोणाला किती उंची दिली, एवढाच फरक, आणि तेवढ्यानं आपण त्याच्याकडे माणूस म्हणून बघू लागतो.

इतक्या लांब जाणं जमणार नसेल तर वेरूळला जा. सोळाव्या लेण्यात, कैलासाच्या दक्षिण अंगाला, पर्वत हलवणारा रावण आहे. वर शिव निवांत, पार्वती त्याला बिलगलेली, दासी घाबरून पळतेय. खाली खोल अंधाऱ्या पोकळीत रावण अनेक हातांनी जोर लावतोय. शिल्पकारानं छिन्नीचे सगळ्यांत अवघड घाव त्याच्यासाठी राखून ठेवले असं मला दर वेळी वाटतं. त्याच्यासमोर दोन तास तरी बस, फोटो काढू नकोस, कोळशानं त्याचे खांदे काढ. एखाद्या शरीराचं वजन हाताला कळलं की त्याला नुसतं वाईट म्हणून मोकळं होता येत नाही.

आमच्या शेताच्या बांधावर म्हसोबा होता, शेंदूर फासलेला धोंडा. पेरणीआधी आजी त्याच्यापुढे नारळ फोडायची. नवरात्रात तीच आजी देवघरात महिषासुरमर्दिनीच्या तसबिरीला हार घालायची. आठ-नऊ वर्षांची असताना मी तिला विचारलं, म्हसोबा आणि हा रेडा एकच का गं? ती म्हणाली, ‘असंल. रानात त्याचं राज्य, घरात तिचं.’ आणि वाती वळत राहिली. पुढे कळलं की इतिहासकार दा. ध. कोसंबींनी गावोगावची ठाणी पायी हिंडून बघत म्हसोबाचा धागा महिषासुराशी जोडला होता, आणि काही ठिकाणी देवी त्याची बायको म्हणून शेजारी नांदताना त्यांना दिसली होती. झारखंडातले असुर आदिवासी महिषासुराला आपला पूर्वज मानतात आणि दुर्गापूजेच्या दिवसांत त्याचा शोक करतात. म्हणजे तुला पडलेला प्रश्न आपल्या माणसांना नवा नाही. ते तो कधीपासून सांभाळत आले आहेत, भांडण न करता.

आता चित्रकार तैयब मेहता. ‘जेजे’ कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, मुंबईत वाढलेले. १९४७ च्या दंग्यात महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी खाली जमावानं एका तरुणाला ठेचून मारताना पाहिलं. त्यानंतर कित्येक दिवस ते तापानं फणफणले होते. पुढे त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात बांधलेले बैल पाहिले, ते काढले, १९७० च्या ‘कूडल’ या लघुपटातही ते आणले. ऐंशीच्या दशकात शांतिनिकेतनात राहून आले, मग काली आली आणि नव्वदच्या दशकात महिषासुर. १९९७ मधलं त्यातलं एक चित्र २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १५ लाख डॉलरच्या वर गेलं. वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. तू आकडा विसर आणि रेषा बघ. सपाट रंग, कुठे छाया नाही, रक्त नाही. देवीचे आणि रेड्याचे अवयव असे गुंतलेत की झुंज आहे की मिठी, हे डोळा ठरवू शकत नाही. कुठला हात कोणाचा हे शोधताना मला प्रत्येक वेळी त्या खिडकीत उभे असलेले तरुण तैयब आठवतात. ज्यानं तो जमाव पाहिला, त्यानं असुराला एका अंगात कोंडून ठेवायचं नाकारलं, असं मी ते चित्र वाचते. तुझं वाचन वेगळं असू दे, पण मूळ चित्रासमोर उभं राहून केलेलं असू दे. ते ज्या आकाराचं आहे तो आकार फोनवर येत नाही.

आणखी एक. शूर्पणखेला गोरं करू नकोस. कांती उजळली की पात्र आपोआप सोज्वळ होतं, ही सवय आपल्या हातात तसबिरींमधून उतरली आहे. काळा ट्यूबमधून घेऊ नकोस, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून कर, म्हणजे त्वचेत ऊब राहील. नाकाची जखम रंगवायची असेल तर तोंडावर हात धरलेलं माणूस कसं चालतं ते बघ. खांदा पुढे येतो, मान वळते, पाय दिसेल तिथे पडतो.

नाशिकला तुझी मावशी आहे ना? तपोवनात जाऊन ये. नाक कापलं म्हणून नाशिक, असं तिथे कोणीही सांगेल. कुटी सगळ्यांनीच काढली आहे, तलवारही. तू पुढचा क्षण घे. ती खराकडे, भावाकडे धावत निघाली आहे. कुटी आणि खराचं ठाणं जनस्थान यांच्यामधल्या रानवाटेवर ती एकटी आहे. मागे राम-लक्ष्मण नाहीत, पुढे खराचं सैन्य अजून नाही, सीतेवर उगारलेली नखं अजून तशीच वाकलेली आहेत. पन्नास छोटी रेखाटनं कर, रंग नको. दसऱ्यापर्यंत घेऊन ये. घरी जेवायलाच ये, आपण ती जमिनीवर मांडून बघू.

तुझ्या,
बाई