पहिली बॅच: एक्स्ट्रॅक्ट की धान्य, लागर की एल, आणि बाटल्या का फुटतात

घरी बिअर करण्याबद्दल तुमचे प्रश्न तीन आहेत: सुरुवात माल्ट एक्स्ट्रॅक्टने (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, त्याचा हा तयार अर्क) करावी की थेट धान्यापासून, पहिलीच बिअर लागर (थंडीत आंबवायची बिअर; एल त्यापेक्षा उबेत आंबते) करता येईल का, आणि बाटल्या फुटतात म्हणतात त्यात तथ्य किती. थोडक्यात सांगायचं तर एक्स्ट्रॅक्ट घ्या, लागर सध्या नको, आणि बाटल्या खरोखर फुटतात. पण का फुटतात ते कळलं की ते टाळणं आपल्याच हातात आहे.

त्याआधी एक गोष्ट. तुम्ही राहता तिथे घरी बिअर करायला कायद्याने परवानगी आहे का आणि किती लिटरपर्यंत, हे बघून घ्या. हे सगळं फक्त आंबवण्याबद्दल आहे. ऊर्ध्वपातन करून दारू गाळणं हा वेगळा आणि धोक्याचा विषय आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

धान्यापासून करायचं म्हणजे दळलेलं माल्ट 65 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर धरून ठेवायचं (हाच मॅश), म्हणजे त्यातल्या स्टार्चची साखर होते. काम अवघड नाही. पण पहिल्याच दिवशी मॅश, उकळी, थंड करणं आणि निर्जंतुकीकरण हे सगळं एकदम अंगावर घेतलं, तर नंतर बिघडलं कुठे ते शोधता येत नाही. सुक्या एक्स्ट्रॅक्टमध्ये मॅशचं काम आधीच झालेलं असतं. तुमचं सगळं लक्ष यीस्टकडे राहू दे, कारण बिअर यीस्ट करतं. आपण फक्त त्याच्यासाठी गोड पाणी तयार करतो.

पहिली बॅच 10 लिटरची, साधी पेल एल करा. सुकं फिकट माल्ट एक्स्ट्रॅक्ट 1.2 किलो, दळलेलं क्रिस्टल माल्ट (रंग आणि गोडवा देणारं माल्ट) 150 ग्रॅम, साधारण 6 टक्के अल्फा आम्ल (कडवटपणा देणारं द्रव्य) असलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं, 25 ग्रॅम (कॅस्केड जात चालेल) आणि सुक्या एल यीस्टचं 11 ग्रॅमचं एक पाकीट. एवढ्या बॅचला अर्धं पाकीट पुरतं, पण पूर्ण घातलं तरी काही बिघडत नाही. भांडं किमान 16 लिटरचं हवं. फर्मेंटर म्हणजे घट्ट झाकण आणि एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) असलेली 14–15 लिटरची अन्नासाठी वापरायच्या प्लास्टिकची बादली. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन), थर्मामीटर आणि सायफनची नळी या तीन गोष्टींत काटकसर करू नका.

12 लिटर पाणी 68–70 अंशांपर्यंत तापवा. क्रिस्टल माल्ट कापडी पिशवीत बांधून अर्धा तास बुडवून ठेवा आणि काढून घ्या. पाणी 77 अंशांच्या वर गेलं तर सालातला तुरटपणा उतरतो. पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर मेटाबायसल्फाइट (क्लोरीन घालवणारी पूड) आधीच चिमूटभर घाला, नाहीतर बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनऐवजी वापरलं जाणारं जंतुनाशक) असेल तर नुसत्या उकळीवर भरवसा ठेवू नका.

आता आच बंद करा आणि मगच एक्स्ट्रॅक्ट घाला. ही पूड वाफेने लगेच चिकट होते, चमच्याला आणि पाकिटाच्या तोंडाला गोळे धरते. म्हणून पाकीट वाफेपासून लांब धरा, थोडी थोडी पूड सोडा आणि तळापासून ढवळत राहा. आच चालू असताना घातली तर ती तळाला बसून करपते, आणि करपट चव शेवटपर्यंत जात नाही. पूर्ण विरघळल्यावर पुन्हा उकळी आणा. पहिली दहा मिनिटं भांड्यासमोरून हलू नका, कारण याच वेळी फेस चढून वॉर्ट, म्हणजे हे न आंबलेलं गोड पाणी, उतू जातो. फेस बसला की 15 ग्रॅम हॉप्स घाला आणि झाकण न ठेवता तासभर उकळा. शेवटची दहा मिनिटं उरली की बाकीचे 10 ग्रॅम घाला. आधीच्या हॉप्सने कडवटपणा येतो, नंतरच्यांनी वास.

उकळी थांबली की त्यापुढे वॉर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. इथे दोन कामांची गल्लत होते: आधी घासून स्वच्छ करायचं, मग निर्जंतुक करायचं. मळ तसाच राहिला तर सॅनिटायझर त्याच्या खाली पोचत नाही. स्टार सॅनसारखं न धुता वापरायचं सॅनिटायझर लिटरला दीड मिली या प्रमाणात घ्या आणि वस्तू दोन मिनिटं ओली राहू द्या. बादली तारेच्या घासणीने कधीच घासू नका, चरे पडले की त्यांत जंतू घर करतात. बादलीला तोटी असेल तर ती दर वेळी सुटी करून धुवा.

भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून वॉर्ट अर्ध्या तासात 20 अंशांपर्यंत खाली आणा, फर्मेंटरमध्ये ओता आणि दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. यीस्टला वाढायला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. यानंतर मात्र हवा लागता कामा नये. घनता (पाण्याची 1.000 धरून) मोजा: हायड्रोमीटर नळीत हलकेच फिरवून चिकटलेले बुडबुडे झाडा आणि पाण्याच्या वळलेल्या कडेवर नाही, सपाट पातळीवर वाचा. 1.045 ते 1.048 यायला हवी. मग यीस्ट वरून भुरभुरा आणि झाकण लावा.

तापमानाबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण नवख्यांची बिअर बहुतेक वेळा इथेच फसते. एल यीस्टला 18 ते 20 अंश हवेत, आणि तेही द्रवाचं तापमान, खोलीचं नाही. जोरात फसफसताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं आणि बादलीतलं तापमान खोलीपेक्षा 3 ते 5 अंश जास्त असू शकतं. पहिल्या तीन दिवसांत ते 25 च्या वर गेलं की जड अल्कोहोलं तयार होतात. त्यांनी घसा जाळणारी चव येते, आणि कितीही मुरवलं तरी ती पुरती जात नाही. उपाय साधा आहे: बादली पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात ठेवा आणि त्यात सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदला. तीन-चार दिवसांनी ते आपोआप 20–21 पर्यंत चढू द्या, म्हणजे यीस्ट लोण्यासारखा वास देणारं डायअसिटाइल स्वतःच शोषून घेतं.

लागर नको म्हणालो ते यासाठीच. तिला 10–12 अंश सतत धरावे लागतात, यीस्ट दुप्पट लागतं आणि पुढे कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या जवळ ठेवावी लागते. उलट खोली थंड ठेवणं शक्यच नसेल तर क्वाइक नावाच्या नॉर्वेतल्या जातीचं यीस्ट घ्या, ते 30–35 अंशांतही स्वच्छ काम करतं. सेझॉन या बेल्जियन बिअरचं यीस्टही उष्णता सोसतं, पण त्याच्या काही जाती इतर यीस्ट सोडून देतं ती साखरही हळूहळू खात राहतात. पहिल्या खेपेला त्या टाळा.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं नाही. झाकणाची फट असली तर ते कधी दिसतच नाहीत. दहाव्या दिवशी घनता मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही वेळा तीच, 1.010 ते 1.013 च्या आसपास आली तर काम संपलं. सुरुवातीच्या घनतेतून शेवटची वजा करून 131 ने गुणलं की अल्कोहोलचं प्रमाण मिळतं, इथे ते साडेचार टक्क्यांच्या जवळपास येईल.

बाटल्या फुटतात त्या इथे घाई केल्यामुळे. घनता 0.004 ने उतरायची बाकी असताना बिअर भरली, तर तेवढ्या उरलेल्या साखरेने बाटलीतला गॅस जवळजवळ दुप्पट होतो. दुसरं कारण, साखर अंदाजाने घालणं. 10 लिटरला 65 ग्रॅम साधी साखर वजन करून घ्या, दीडशे मिली पाण्यात पाच मिनिटं उकळा, निर्जंतुक बादलीच्या तळाशी ओता आणि बिअर सायफनने, न खळखळवता, तिच्यावर सोडा. निर्जंतुक चमच्याने सावकाश दोन-चार वळसे द्या, नाहीतर एक बाटली मचूळ आणि दुसरी कारंजं निघते. बाटल्या जाड काचेच्या, फेसाळ पेयाच्याच हव्यात. तपकिरी असल्या तर उत्तम, कारण प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं फुटून उग्र वास येतो. वर तीन सेंटिमीटर जागा सोडा. एखादी प्लास्टिकची बाटलीही भरा: ती दाबून दगडासारखी लागली की गॅस तयार झाला हे बाकीच्या न उघडताच कळतं.

20 अंशांच्या पुढच्या खोलीत दोन आठवडे उभ्या ठेवा, खोक्यात, झाकून. उघडण्याआधी एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे गाळ घट्ट बसतो. पहिल्या घोटाला हिरव्या सफरचंदाची चव आली तर बिअर अजून कोवळी आहे, आणखी दोन आठवडे द्या. आंबट, व्हिनेगरसारखी लागली तर ती सुधारणार नाही: ओतून टाका आणि पुढच्या बॅचला नळ्या नव्या घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर भरताना हवा मिसळली. आणि सगळ्याच बाटल्या दिवसागणिक जास्त जास्त फेसाळायला लागल्या तर वाट बघू नका. लगेच सगळ्या फ्रिजमध्ये ठेवा, आणि हाताला जाड कापड गुंडाळून एकेक झाकण किंचित सैल करा.