रॅमची टेस्ट जानेवारीच्या रात्री नको, मे महिन्याच्या दुपारी घ्या

नांदेडचे भाऊ, तुम्ही लिहिलंय की ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवून, ३२०० ची रॅम ३७३३ वर आणि रायझन ५६०० प्रोसेसर ४.६ गिगाहर्ट्झवर नेल्यापासून गेम झकास चालतात, पण झिप फाइल उघडताना खराब दाखवते आणि दुपारच्याला कधीतरी निळा स्क्रीन येतो. वाचलं आणि पोटात गोळाच आला. २०२१ ला परभणीत माझं हुबेहूब हेच झालं होतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या मेनूत, कुठं काय असतं ते तुम्हाला कळतंय असं धरून लिहितो.

माझी चूक अशी, की सगळं सेटिंग जानेवारीत रात्री केलं. रॅम आणि प्रोसेसर दोन्ही एकाच बैठकीत. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक फेरी पास झाली, मी खूश. एप्रिलमध्ये पत्र्याखालची तीच खोली तापली आणि फाइली बिघडायला लागल्या. रॅममधली प्रत्येक पेशी म्हणजे बारीकसा कपॅसिटर. त्यातला चार्ज गळत असतो म्हणून तो ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि उष्णतेत तो जास्त वेगानं गळतो. थंडीत जेमतेम तग धरलेलं सेटिंग उन्हाळ्यात घसरतं. दर वेळी निळा स्क्रीन येतोच असं नाही. एखादा बिट उलटतो आणि चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर लिहिला जातो.

मला वाटलं हार्ड डिस्क गेली. नवीन आणली, सगळं तिच्यावर कॉपी केलं, तेही त्याच रॅममधून, आणि जुनी फॉरमॅट केली. बहिणीच्या हळदीच्या फोटोत आजीचा हात कपाळापर्यंत दिसतो, त्याखाली नुसता राखाडी पट्टा. असे कितीतरी फोटो गेले.

त्यात सर्व्हिस सेंटरनं भर घातली. रेल्वेनं दोनदा संभाजीनगरला गेलो. पहिल्यांदा मदरबोर्ड ठेवून घेतला आणि ‘ओके आहे, विंडोज नवीन टाका’ म्हणून परत दिला. दुसऱ्यांदा मी ओव्हरक्लॉकचं खरं सांगितलं, तर वॉरंटी बसत नाही म्हणून हातसुद्धा लावला नाही. चूक माझी होती, मान्य. पण फाइली बिघडतात म्हणून कोणी आलं तर रॅमची टेस्ट लावायला नको का? तेवढं केलं असतं तर जुनी डिस्क वाचली असती.

आता तुमचं. सगळ्यात आधी कॉपी-पेस्ट बंद. बायोस डिफॉल्टवर (मूळ सेटिंगवर) आणून पेनड्राइव्हवरून मेमटेस्टच्या चार फेऱ्या करा. डिफॉल्टवरही एरर आली तर बहुधा रॅमच खराब आहे, सरळ वॉरंटीत द्या. नाही आली तर आधी फक्त एक्सएमपी (रॅम कंपनीनं ठरवून दिलेलं वेगाचं सेटिंग) लावा, प्रोसेसरला हात नको. टेस्ट दुपारी दोन ते पाच, कूलर बंद ठेवून. एक एरर म्हणजे नापास, ‘एकच तर आहे’ म्हणू नका. पास झालं तरच ३६०० बघा. तिथं फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी वाट, १८०० मेगाहर्ट्झवर लागतं. ३७३३ ला १८६६ लागतं आणि ते प्रत्येक चिपला झेपत नाही. डीडीआर४ ला (तुमच्या-माझ्या रॅमची पिढी) १.३५ व्होल्ट पुरे, आपल्या उन्हाळ्यात मी त्याच्या वर जात नाही.

प्रोसेसरचं म्हणाल तर ५६०० वर फिक्स ४.६ ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. तो गरजेप्रमाणे स्वतःच ४.४ पर्यंत जातो. वरच्या २०० मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज वाढवलं की उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते. त्यापेक्षा कर्व्ह ऑप्टिमायझरला (प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं कमी करणारं बायोसमधलं सेटिंग) उणे दहा लावून बघा. त्यातली अस्थिरता बऱ्याचदा पीसी रिकामा असताना दिसते, म्हणून प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या सिनेबेंच टेस्टवर नुसतं विसंबू नका.

हे सगळं माझ्या डीडीआर४ वरच्या अनुभवातून. डीडीआर५ वाल्यांनी हे आकडे उचलू नयेत. रायझन ७००० मध्ये काही चिपा जळाल्यावर २०२३ ला रायझन बनवणाऱ्या एएमडीनं एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घातली होती, तिथं तर ‘ऑटो’ सेटिंगवरही नजर ठेवा.

अजून एक, सोयाबीनच्या मळणीनंतर कॅबिनेटची जाळी साफ करा, भुसा बसून हवा अडते. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग बघून घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडावं लागतं.

तुम्ही जुनी डिस्क फॉरमॅट केली नाही ना? केली नसेल तर आजच केबल काढून कपाटात ठेवा, आणि रॅम पास होईपर्यंत जोडू नका.