साल ओढली, डाग राहिला

प्रश्न : महिन्यापूर्वी वांगासाठी ग्लायकोलिक पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेची वरची साल काढण्याचा उपचार, करून घेतलं. चौथ्या दिवशी गालावरची साल सुटायला लागली. बाहेर जायचं होतं म्हणून ती मी नखाने ओढून काढली आणि दुपारभर उन्हात फिरले. आता तिथे बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग आहे. पुढच्या आठवड्यातल्या पीलने तो जाईल का?
– एक वाचक, वय ४१

उत्तर : ताई, पुढचं पील पुढे ढकला. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचा.

सुटत आलेली साल म्हणजे खालच्या कोवळ्या कातडीवरचं झाकण. ते वेळेआधी ओढलं की दाह होतो, आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी दाह झाला की जास्तीचं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, बनवतात. वर ऊन लागलं की रंग आणखी गडद होतो. अशा जागेवर पुन्हा आम्ल लावणं म्हणजे भाजल्यावर चटका. बहुतेक वेळा हा डाग फिकट होतो, पण त्याला काही महिने द्यावे लागतात.

एक गोष्ट आठवून बघा. पील लावताना माझी एक नजर घड्याळावर असते, एक चेहऱ्यावर. ग्लायकोलिक आम्ल आपलं आपण थांबत नाही, खायच्या सोड्याच्या पाण्याने थांबवावं लागतं. एखाद्या जागी पांढुरका ठिपका उमटला तर ठरलेली मिनिटं भरायची वाट न पाहता तिथलं लगेच थांबवते, कारण तिथे आम्ल खोल गेलेलं असतं. तुमच्या गालाच्या त्याच जागी जास्त आग झाली होती का? झाली असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. पीलची टक्केवारी आणि ते किती मिनिटं ठेवलं, हेही विचारून घ्या.

तोवर स्क्रब बंद. रेटिनॉलचं (व्हिटॅमिन ए असलेलं) क्रीमही बंद. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी. वांग आहे म्हणून लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या. वांग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही वाढतो, आणि तो अडवायला हे ऑक्साइड मदत करतं. आणि कळकळीने सांगते, मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं गोरेपणाचं क्रीम स्वतःच्या मनाने आणू नका. त्याने बिघडलेले चेहरे सावरायला फार काळ जातो.

डाग निवळल्यावर पील करता येईल. त्याआधी दोन ते चार आठवडे डॉक्टर देतील त्या क्रीमने त्वचेची तयारी करायची आणि कमी टक्केवारीपासून सुरुवात करायची. साल लोंबायला लागली तर पेट्रोलियम जेली लावा, आणि अगदीच खुपली तर सुटलेलं टोक तेवढं स्वच्छ कात्रीने कापा.